गणपतीत मंडळाची रॅफल काढायची आहे: इंग्लंडमध्ये परवाना लागतो का?

मोगरा_मिडलँड्स | ८ जून

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात मिडलँड्समधल्या एका लहान गावात राहतो. आमचं मराठी मंडळ जेमतेम सव्वाशे घरांचं आहे. गणपतीला शाळेचा हॉल शनिवार-रविवार भाड्याने घेतो आणि दीड दिवसाचा गणपती बसवतो. यंदा कार्यकारिणीत ठरलं की एक रॅफल (तिकिटं विकून काढलेली बक्षिसांची सोडत) काढायची आणि जमतील ते पैसे दोन ठिकाणी द्यायचे. अर्धे गावातल्या हॉस्पिसला, कारण आमच्या मंडळातले एक काका शेवटचे तीन आठवडे तिथे होते. त्यांची जी सेवा तिथे झाली ती आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. उरलेले अर्धे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या एका वसतिगृहाला. आईवडील कारखान्यावर गेले की ही मुलं सहा महिने तिथेच राहतात.

बक्षिसं जमली आहेत: एक येवल्याची पैठणी (एका सभासदाने दिलेली), दोघांच्या जेवणाचं कुपन, १०० पौंडांचं व्हाउचर, प्रेशर कुकर आणि शेजारच्या दुकानदाराने दिलेल्या वाइनच्या दोन बाटल्या.

पण परवान्यावरून समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, घरच्या कार्यक्रमाला कसला आलाय परवाना. दुसरा म्हणतो, काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, न विचारता केलं आणि उद्या कोणी तक्रार केली तर मंडळाचं नाव जाईल. गेल्या वर्षी आम्ही काहीही न विचारता व्हॉट्सअॅपवर महिनाभर तिकिटं विकली होती. ते बरोबर होतं की चूक, हेही मला माहीत नाही. कोणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा.

---

माजी_खजिनदार | ८ जून

ताई, मी दहा वर्षं एका मंडळाचे हिशोब सांभाळले आहेत, म्हणून लिहितो. हा वकिली सल्ला नाही. पण हे सगळे कागद माझ्या हातून गेले आहेत.

पहिली गोष्ट, रॅफल ही कायद्याच्या नजरेत लॉटरीच. पैसे देऊन भाग घ्यायचा, बक्षीस असायचं आणि ते नशिबावर ठरायचं: या तीन गोष्टी एकत्र आल्या की लॉटरी झाली. तिला तुम्ही सोडत म्हणा, लकी ड्रॉ म्हणा, टॉम्बोला म्हणा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला २००५ चा गॅम्बलिंग अॅक्ट लागू आहे आणि तो २००७ च्या सप्टेंबरपासून अमलात आहे. नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा, तो इथे लावू नका.

दुसरी गोष्ट, आणि खरी मेख इथेच आहे. परवाना लागतो की नाही हे मंडळ किती मोठं किंवा बक्षीस किती महाग यावर पहिल्यांदा ठरत नाही. तिकीट कुठे आणि कधी विकणार, यावर ठरतं.

समजा तुम्ही तिकिटं फक्त गणपतीच्या हॉलमध्ये आणि फक्त कार्यक्रम चालू असताना विकलीत. मग ती 'इन्सिडेंटल लॉटरी', म्हणजे कार्यक्रमाच्या अनुषंगाने काढलेली लॉटरी. हिला ना परवाना, ना नोंदणी, ना फी. अटी एवढ्याच: पैसा कोणाच्या खिशात जाता कामा नये, चांगल्या कामालाच जायला हवा. जमलेल्या रकमेतून बक्षिसांवर ५०० पौंडांपेक्षा आणि छपाई वगैरे खर्चावर १०० पौंडांपेक्षा जास्त वजा करायचे नाहीत. आणि बक्षीस पुढच्या वेळेवर ढकलायचं नाही. भेट मिळालेली बक्षिसं त्या ५०० त धरत नाहीत, तेव्हा तुमची पैठणी कितीही भारी असली तरी हरकत नाही. पूर्वी सोडत कार्यक्रमातच काढावी लागायची. २०१६ पासून नंतर काढली तरी चालते, मात्र तिकीटविक्री हॉलमध्येच व्हायला हवी.

तुमची गेल्या वर्षीची व्हॉट्सअॅपवरची विक्री या सवलतीत बसत नव्हती. झालं ते झालं, पण यंदा तसं करू नका.

---

मोगरा_मिडलँड्स | ९ जून

मनापासून आभार. हे इतकं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

पण अडचण अशी की फक्त हॉलमध्ये विकली तर तीनशे पौंडांच्या पुढे जमत नाही. लोक आरतीला येतात, प्रसाद घेतात, मुलांचं नाच-गाणं बघतात आणि निघतात. त्यातले निम्मे तर रोख पैसे जवळ ठेवतच नाहीत. काहींच्या ऑफिसातल्या इंग्रज सहकाऱ्यांना हॉस्पिससाठी तिकिटं घ्यायची आहेत, ते गणपतीला येणार नाहीत. जुलैपासूनच विक्री सुरू करायची असेल तर काय करायचं?

---

शाळेची_आई_लीसेस्टर | ९ जून

मोगरा, मग 'स्मॉल सोसायटी लॉटरी' म्हणून नोंदणी करा. मी मुलीच्या शाळेच्या पालक संघात चार वर्षं समर फेअरची रॅफल बघते, आमची नोंदणी आहे. घाबरण्यासारखं काही नाही. एका संध्याकाळचं काम आहे, फक्त कागद हाताशी हवेत.

नोंदणी स्थानिक काउन्सिलच्या लायसन्सिंग विभागात होते. मंडळाचा मुख्य पत्ता ज्या काउन्सिलच्या हद्दीत, तिथे. तुम्ही राहता तिथे नाही, कार्यक्रम होतो तिथेही नाही. पहिल्या नोंदणीला ४० पौंड आणि मग दर वर्षी २० पौंड. सोबत मंडळाची घटना जोडावी लागते. एका सोडतीची विक्री २०,००० पौंडांच्या आत, वर्षभरातल्या सगळ्या मिळून २,५०,००० च्या आत, आणि एक बक्षीस २५,००० पौंडांपर्यंत. तुम्हाला या आकड्यांची काळजी करायचं कारण नाही. त्याच्या वर गेलं तर गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो, ते मोठ्या संस्थांचं काम.

आता तिकीट. दुकानात मिळतं ते गुलाबी-हिरव्या पानांचं, नुसते आकडे छापलेलं रॅफलचं पुस्तक इथे चालणार नाही. ते हॉलमधल्या विक्रीसाठी ठीक. नोंदणीकृत रॅफलच्या तिकिटावर चार गोष्टी छापलेल्या हव्यात: मंडळाचं नाव, तिकिटाची किंमत, जबाबदार सभासदाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख. आम्ही पहिल्या वर्षी तारीख विसरलो. आठशे तिकिटं छापून आली होती. दोन आयांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून प्रत्येक तिकिटावर रबरी शिक्का मारला, रात्री एक वाजेपर्यंत.

किंमत सगळ्या तिकिटांना एकच. 'एक पौंडाला एक, पाच पौंडांना सहा' हे चालत नाही! आपल्या लोकांना ही सवलत द्यायची फार हौस असते, म्हणून मुद्दाम लिहिते. आणि पैसे आधी, तिकीट नंतर. 'माझी दहा बाजूला काढून ठेव, आरतीला आलो की देतो' असं कोणी म्हटलं तर प्रेमाने नाही म्हणायचं. सोळा वर्षांखालच्या मुलांना विकायचं नाही, आणि रस्त्यावर उभं राहूनही विकायचं नाही.

---

नदीकाठचा | १० जून

मला एक सुचवायचं आहे. तिकीट असं म्हणूच नका. 'हॉस्पिससाठी देणगी द्या, देणगीदारांमधून भाग्यवान विजेते निवडले जातील' असं लिहा. मग लॉटरीचा प्रश्नच येत नाही, कारण विकलं काहीच नाही.

---

माजी_खजिनदार | १० जून

नदीकाठचा, तुमचा हेतू चांगला आहे, पण असं करू नका. देणगी दिल्याशिवाय सोडतीत नाव जात नसेल तर ती देणगी म्हणजेच तिकिटाचे पैसे. नाव बदललं म्हणून कायदा बदलत नाही. खरोखर फुकट सोडत काढलीत, म्हणजे दारात येणाऱ्या प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलंत आणि देणगीची पेटी वेगळी ठेवलीत, ज्याला वाटेल त्याने टाकावं, न टाकणाऱ्याचंही नाव डब्यात, तर ती लॉटरी नाही. लहान मंडळांना हा उत्तम मार्ग आहे. फक्त तो प्रामाणिकपणे पाळायला हवा. दारात उभं राहून 'आधी पेटीत टाका, मग चिठ्ठी' असं झालं की संपलं.

तसंच सोप्या प्रश्नाचं. 'महाराष्ट्राची राजधानी कोणती?' असं विचारून बरोबर उत्तरवाल्यांतून सोडत काढली तर तीही लॉटरीच धरतात. प्रश्न इतका अवघड हवा की बऱ्याच जणांनी भागच घेऊ नये किंवा उत्तर चुकावं.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. रॅफलच्या तिकिटाच्या पैशावर गिफ्ट एड (देणगीवर सरकार संस्थेला देतं ती कराची जोड) मिळत नाही. लोक विचारतात, त्यांना नाही म्हणून सांगा. वेगळी पेटी ठेवून निखळ देणगी घेतली आणि ज्या संस्थेला ती जाते ती गिफ्ट एड घेणारी असेल, तर तिचं डिक्लेरेशन भरून घेता येतं. दोन्ही पैसे एका डब्यात मिसळू देऊ नका.

---

नदीकाठचा | १० जून

पटलं. आमच्याकडे गेली दोन वर्षं असंच चाललंय, ते आता थांबवायला सांगतो.

---

शुभांगी_काकू | ११ जून

सभासदांपुरतीच तिकिटं विकली तर सगळ्यातून सुटका आहे असं मी ऐकलं होतं. ते खरं आहे का?

---

माजी_खजिनदार | ११ जून

काकू, तसा एक प्रकार आहे, खासगी सोसायटी लॉटरी. संस्थेचे सभासद आणि संस्थेच्या जागेत हजर असलेले लोक, एवढ्यांनाच तिकीट. त्याला नोंदणी नाही. पण त्याची जाहिरात संस्थेच्या जागेबाहेर करता येत नाही आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ज्यांचं स्वतःचं क्लबघर आहे त्यांना हे सोयीचं. आपल्या बहुतेक मंडळांना स्वतःची जागाच नसते, शाळेचे नाहीतर चर्चचे हॉल भाड्याने घेतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आणि त्यांची स्वतःची वास्तू आहे, तशी गोष्ट वेगळी. मोगराताईंना ऑफिसातल्या लोकांना विकायचंय, तेव्हा हा मार्ग त्यांच्या कामाचा नाही.

मोगराताई, तुम्हाला एक फार महत्त्वाचं सांगायचं राहिलं. नोंदणीकृत रॅफलमधून निदान २० टक्के रक्कम ज्या उद्देशासाठी मंडळ चालतं त्या उद्देशाला जायला हवी. तुमच्या घटनेत उद्देश काय लिहिलाय ते आधी बघा. 'मराठी भाषा व संस्कृतीचे जतन' एवढंच असेल, तर हॉस्पिसला पैसे देणं त्यात कसं बसवणार? अर्ज भरायच्या आधी हे तपासा.

---

मोगरा_मिडलँड्स | १४ जून

हे वाचून पोटात गोळाच आला. मंडळाची घटना कोणाकडेच नव्हती. शेवटी संस्थापक सभासदांपैकी एका आजोबांच्या गॅरेजमध्ये, दिवाळी अंकांच्या खोक्याखाली, एक फाइल सापडली. टाइपरायटरवर टाइप केलेली चार पानं, कडा पिवळ्या झालेल्या, टाचणी गंजून कागदाला तिचा तांबूस डाग पडलेला. कलम ३ मध्ये भाषा, सण, वाचनालय. आणि त्याच कलमात शेवटी, शाईच्या पेनाने हाताने लिहिलेली एक ओळ: 'तसेच इंग्लंडातील व महाराष्ट्रातील गरजूंच्या साहाय्यार्थ निधी उभारणे.' शेजारी तिघांच्या सह्या आणि तारीख.

आजोबा म्हणाले, त्या वर्षी भूकंपग्रस्तांसाठी पैसे गोळा केले होते, तेव्हा सर्वसाधारण सभेत ही ओळ घातली. १९९३ चा किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा चौथीत होते.

काउन्सिलला फोन करून विचारलं की हाताने लिहिलेली दुरुस्ती चालेल का. तिथल्या बाईंनी सांगितलं, सभेचा ठराव जोडा. ठराव काही सापडेना, म्हणून या रविवारी खास सभा बोलावून घटना नव्याने टाइप करून मंजूर करतो आहोत.

---

शाळेची_आई_लीसेस्टर | १४ जून

वाचून अंगावर काटा आला. ते मूळ पान फेकू नका हो.

---

तालीमवाला_कोल्हापूर | १६ जून

धागा वाचतोय, फार माहिती मिळाली. आमच्या तालीम मंडळाचंही सांगतो. आमच्याकडं दरवर्षी गणपतीला लकी ड्रॉ असतो. शंभर रुपयाचं कुपन, पहिलं बक्षीस दुचाकी, दुसरं फ्रीज, मग मिक्सर, कुकर असं. पावतीपुस्तकं पोरांच्यात वाटायची आणि गल्लोगल्ली खपवायची. पैसा पूरग्रस्तांना, शाळेच्या दप्तराला असाच जातो, त्यात एक रुपया इकडचा तिकडं होत नाही. पण इंग्लंडात एवढे नियम आहेत तर इथं काय आहे? आम्ही आजवर कुणाला विचारलंच नाही.

---

कागदपत्र_पुणे | १६ जून

मी वकिली करतो, म्हणून मोजकं पण स्पष्ट लिहितो.

इंग्लंडात लहान रॅफलला वाट आखून दिली आहे. आपल्याकडे सुरुवातच उलट्या टोकाने होते. भारताच्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार आणि पैज हा राज्याचा विषय आहे, सरकारी लॉटरी केंद्राच्या सूचीत. राज्यात लॉटऱ्यांवर नियंत्रण आणि कर आणणारा १९५८ चा कायदा आहे आणि त्याचं सूत्र असं की कायद्याने सूट दिलेली नसेल ती प्रत्येक लॉटरी बेकायदा. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ आहे. सरकारी किंवा सरकारने अधिकृत केलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी जागा किंवा कचेरी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात प्रसिद्ध केली तर पाच हजारांपर्यंत दंड. हे काही नवं नाही. जुन्या दंडसंहितेत हेच कलम २९४-अ म्हणून १८७० पासून होतं, तेव्हा दंड हजाराचा होता.

'पैसा चांगल्या कामाला जातो' हा बचाव पुरत नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात सांगितलं की जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. तो खटला मुंबई राज्याच्याच लॉटरी कायद्याखालचा, वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याच्या बक्षीस स्पर्धेचा होता.

गल्लोगल्ली शंभर रुपयांचं कुपन खपवून दुचाकीची सोडत, हे मी माझ्या अशिलाला कधीच करू देणार नाही. पोरांच्या हातात पावतीपुस्तकं आहेत, गुन्हा दाखल झाला तर नावं त्यांची येतील. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असतात त्यात.

तीन गोष्टी आणखी. एक, मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी गोळा करायलाही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१-क खालची परवानगी घ्या आणि उत्सवानंतर हिशोब द्या. गणेश मंडळांना ही परवानगी दरवर्षी मिळते, ती घ्यायला लाजू नका. पण ती वर्गणीची परवानगी आहे, लॉटरीची नव्हे. दोन, दहा हजारांवरच्या सोडतीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आधीच कापावा लागतो. बक्षीस वस्तूरूपात असेल तर ती ताब्यात देण्याआधी कर भरला जाईल हे पाहण्याची जबाबदारी बक्षीस देणाऱ्याची. नव्वद हजारांची गाडी जिंकलेल्या माणसाला सत्तावीस हजार आधी भरायला सांगा आणि बघा त्याचा चेहरा. तीन, आरतीला येणाऱ्या सगळ्यांना फुकट चिठ्ठी देऊन काढलेली सोडत वेगळी. तिथे कोणी पैसेच दिलेले नसतात.

---

तालीमवाला_कोल्हापूर | १७ जून

साहेब, डोळे उघडले. पोरांचं जे लिहिलंत ते खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्यातली दोन पोरं यंदा भरतीला उतरलीत. काल रात्री तालमीत बसून ठरवलं, कुपनं बंद. त्याऐवजी विसर्जनाच्या आदल्या रात्री नारळाचा आणि हाराचा लिलाव करायचा. आमच्या आजोळी जत्रंत असतो तसा. मानाच्या नारळाला लोक इरेला पेटून बोली लावतात, आणि तो पैसा सरळ पावती फाडून जमा. लिलावात काही अडचण?

---

कागदपत्र_पुणे | १७ जून

लिलावात नशीब नाही, जास्त बोली लावणाऱ्याला वस्तू मिळते. लॉटरीचा प्रश्न येत नाही. बोलीची नोंद वहीत करा, पावती त्याच रात्री द्या. लिलावाचे पैसे 'दिवाळीला देतो' म्हणणारेच जास्त असतात.

---

बे_एरियातून | १९ जून

इकडचं थोडं सांगते, तुलनेसाठी. कॅलिफोर्नियात रॅफल काढणाऱ्या संस्थेने आधी राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे नोंदणी करायची असते, आणि तिकिटांतून आलेल्या एकूण पैशांपैकी निदान ९० टक्के धर्मादाय कामाला द्यावे लागतात. बक्षिसं विकत घ्यायची तर ती उरलेल्या १० टक्क्यांतून, म्हणून इथे सगळे बक्षिसं देणगीतच मिळवतात. तिकिटं इंटरनेटवरून विकता येत नाहीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे, तेव्हा शेजारच्या राज्यातल्या मंडळाचं बघून करू नका.

---

शुभांगी_काकू | १९ जून

९० टक्के कुठे आणि २० टक्के कुठे! इंग्लंडात शंभरातले वीसच चांगल्या कामाला दिले तरी कायदा खूश? हे काही मनाला पटत नाही. हॉस्पिसच्या नावाने मी पाच तिकिटं घेतली आणि त्यातला एकच पौंड तिथे पोचला, हे मला कळलं तर मी पुन्हा घेणार नाही.

---

माजी_खजिनदार | १९ जून

काकू, अगदी बरोबर बोललात. २० टक्के हा तळ आहे, तिथे थांबा असं कोणी सांगितलेलं नाही. पण पुष्कळ जण 'कायद्यात बसतंय ना' म्हणून हजार पौंडांची बक्षिसं विकत घेतात आणि तीनशे पौंड देणगी पोचवतात. माझं मत कडक आहे: तिकिटाच्या मागेच छापा की किती टक्के कुठे जाणार. मी आमच्या मंडळात हे करायला लावलं, आणि विक्री कमी झाली नाही, वाढली.

---

मोगरा_मिडलँड्स | २७ जून

नोंदणी झाली! अर्जासोबत नवी घटना आणि सभेचा ठराव जोडला. काकूंचं वाचून आम्ही तिकिटाच्या मागे छापतोय: 'छपाई आणि एक बक्षीस वगळता सर्व रक्कम दोन संस्थांना समान.' ४० पौंडांची फी मंडळाच्या वार्षिक वर्गणीतून, रॅफलच्या पैशांतून नाही.

एक शंका राहिली. वाइनच्या बाटल्यांचं काय? आमच्याकडे दारूविक्रीचा परवाना नाही. खरं तर गणपतीच्या मंडपात बाटली ठेवायला काही जणांचा विरोधच आहे.

---

शाळेची_आई_लीसेस्टर | २७ जून

कायद्याने अशी सूट आहे की कार्यक्रमातल्या लहान रॅफलमध्ये बंद बाटली बक्षीस ठेवली तर दारूच्या परवान्याची गरज नाही. पण ही सूट हॉलमधल्या रॅफलसाठी आहे. तुमची नोंदणीकृत, बाहेर विकली जाणारी रॅफल तिच्यात बसवू नका. दुकानदाराला सांगून बाटल्यांऐवजी दुसरं काही मागून घ्या. गणपतीत ते बरंही दिसेल.

---

मोगरा_मिडलँड्स | २८ जून

त्यांनी आनंदाने सुक्या मेव्याचा मोठा डबा दिला. प्रश्न मिटला.

---

माजी_खजिनदार | २८ जून

आता सोडतीच्या दिवसाबद्दल दोन शब्द, कारण मंडळांची भांडणं तिथेच होतात. न विकलेल्या तिकिटांच्या स्थळप्रती डब्यात जाऊ देऊ नका. त्या वेगळ्या बांधून वर आकडा लिहा. मी एकदा बघितलंय, घाईत अख्खं पुस्तक फाडून टाकलं आणि दुसरं बक्षीस न विकलेल्या तिकिटाला लागलं. हॉलमध्ये सुतकी शांतता. परत काढलं तरी लोकांच्या मनातून ते जाईना.

घड्या सारख्या घाला, नाहीतर जाड घडीच हाताला लागते. स्टीलचा डबा घेतलात तर आतला कोपरा बघा. आमच्या चौकोनी डब्याच्या खाचेत एक चिठ्ठी अडकून राहिली होती, ती डबा धुताना सापडली. त्या दिवसापासून आम्ही गोल पातेलं वापरतो. चिठ्ठी काढायला समितीच्या घरातलं मूल नको, हॉलची देखभाल करणाऱ्यांना बोलवा.

आणि सोडतीनंतर तीन महिन्यांच्या आत काउन्सिलला हिशोब पाठवायचा: एकूण विक्री, बक्षिसांचा खर्च, इतर खर्च, कामाला दिलेली रक्कम. त्यावर मंडळाने लेखी नेमलेल्या दोन सज्ञान सभासदांच्या सह्या लागतात. ते दोघं आत्ताच सभेत नेमून ठेवा.

---

मोगरा_मिडलँड्स | २ नोव्हेंबर

धागा वर काढते आहे, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

एकूण १,१४० तिकिटं विकली गेली, एक पौंडाचं एक. छपाईला ६२ पौंड, व्हाउचरला १००. उरले ९७८. हॉस्पिसला ४८९ आणि वसतिगृहाला ४८९. काउन्सिलला हिशोब मागच्या आठवड्यात गेला, पोच मिळाली. गेल्या वर्षी, नियम माहीत नसताना, ३१० जमले होते.

गोल पातेलं काकूंच्या घरचं. चिठ्ठ्या हॉलच्या केअरटेकरने काढल्या. पैठणीच्या वेळी मात्र फजिती झाली. नंबर निघाला ७१६, आणि स्थळप्रतीवर फक्त 'पूजा' एवढंच. फोन नाही, आडनाव नाही. आमच्या मंडळात पाच पूजा आहेत आणि पाचही जणींनी तिकिटं घेतलेली! कोणीही 'माझंच' म्हणाली नाही, प्रत्येक जण आपापली तिकिटं शोधत होती. दोन दिवसांनी एका मुलाचा फोन आला. त्याच्या ऑफिसात इंटर्नशिपला आलेली नांदेडची एक पूजा आहे, मंडळाची सभासदही नाही, तिच्या पर्समध्ये ७१६ सापडलं. पैठणी द्यायला आम्ही चौघी गेलो. ती भाड्याच्या खोलीत राहते, पलंगावर घडी उलगडून बराच वेळ पदरावरून हात फिरवत होती. म्हणाली, आईला पाठवते.

पुढच्या वर्षी स्थळप्रतीवर फोन नंबरची चौकट छापून घेणार, आणि सोडत झाली, बक्षिसं पोचली की ते नंबर नष्ट करणार.

---

माजी_खजिनदार | २ नोव्हेंबर

छान झालं. २० पौंडांची वार्षिक फी विसरू नका. नोंदणीची तारीख जूनच्या शेवटची आहे ना? फी त्या तारखेच्या आधीच्या दोन महिन्यांत भरायची असते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याची नोंद आत्ताच कॅलेंडरवर करून ठेवा.

---

मोगरा_मिडलँड्स | २ नोव्हेंबर

केली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागे चिकटवली आहे.